दोन टक्क्यांचा चढ

श्रीकांतराव, तुमची सायकल सध्या माझ्या गराजमध्ये आहे. नीलाताईंना ती समोर नको होती म्हणून परवा मी जाऊन घेऊन आलो. गाडीच्या मागच्या रॅकवर चढवली, पट्टे आवळले, घरी येऊन उतरवली. मागच्या चाकात हवा कमी होती ती भरली. भरून झाल्यावर लक्षात आलं की हवा भरायचं काही कारणच नव्हतं. सुधाने विचारलं, "काय करत होतास रे इतका वेळ?" मी म्हटलं, "काही नाही."

खरंच काही नाही. तुम्हाला जाऊन तीन आठवडे होत आले आणि मला अजून काहीही होत नाहीये. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसं सगळं अंग आहे. जेवतो. झोप लागते. त्या दिवशी फ्यूनरल होममध्ये मी सगळे फॉर्म भरले, तुमच्या नावाचं स्पेलिंग त्यांनी चुकवलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, येणाऱ्या लोकांना पार्किंग दाखवलं. जो तो म्हणत होता, जयंतरावांनी स्वतःला किती सावरलंय. मी काहीही सावरलेलं नाही. सावरायला आधी पडावं लागतं.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आहे. जन्म, कॉलेज, अमेरिकेत कधी आले, बँकेच्या डेटाबेसमध्ये किती वर्षं काढली. बसलो होतो लिहायला. तुमच्याबद्दल 'ते' असं लिहिताना हात थांबला, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. अंकासाठी दुसरं कुणीतरी लिहील.

साडू हे नातंच तसं गमतीचं. दोन बहिणी आपापले नवरे निवडतात आणि त्या दोन परक्या पुरुषांनी जन्मभर एकमेकांशी गोड बोलायचं असतं. तुम्ही थोरल्या नीलाताईंचे, मी धाकट्या सुधाचा, म्हणून मी पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं. तुम्ही मला 'जयंतराव' म्हणायला लागलात ते चेष्टेने, आणि ती चेष्टा थांबवायची राहूनच गेली. पस्तीस वर्षं आपण दोघं लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे बोलत राहिलो. शनिवारी सकाळी घामेघूम होऊन, चिखलाने भरलेल्या हाफ पँटमध्येसुद्धा "घ्या, तुम्ही आधी पाणी घ्या."

आणि आपला तो नियम. 'हे घरी जायचं नाही.' एका बहिणीला कळलेली गोष्ट दुसरीला कळायला एक फोन पुरायचा, त्यावर हा आपला इलाज. ग्रोसरीच्या दुकानात मागच्या काउंटरवर गरम समोसे मिळायचे, नीलाताईंनी तुमचं तळलेलं बंद केल्यावर आपली सायकलफेरी बरोबर तिथेच संपायची. हे घरी जायचं नाही. तुम्हाला स्पीडिंगचं तिकीट मिळालं, तेही नाही. आणि माझी नोकरी गेली होती तेव्हा तीन आठवडे मी रोज टाय लावून घराबाहेर पडायचो आणि तुमच्या बेसमेंटमध्ये येऊन बसायचो. नीलाताई कामावर, तुम्ही किल्ली कुंडीखाली ठेवून जायचात. दुपारी ऑफिसातून तासभर येऊन माझ्याशी कॅरम खेळायचात. नोकरीचं काय झालं असं एकदाही विचारलं नाहीत. नवी मिळाल्यावर मी सांगितलं तर म्हणालात, "चला, आता माझा गेम सुधारणार नाही." सुधाला हे आजपर्यंत माहीत नाही. त्या तीन आठवड्यांबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहून गेले. साडूचे आभार कसे मानतात, मला कधी कळलंच नाही.

स्पेनचं खूळ तुमचं. आपली ॲशबर्नची सायकलची ट्रेल जुन्या रेल्वेलाइनवरची, दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती. त्यात दर मैलाला रस्ता आडवा येतो. एकदा एका क्रॉसिंगला पिकअप ट्रक तुमच्या बाहीला घासून गेला, तेव्हापासून तुम्ही प्रत्येक क्रॉसिंगला उतरून चालत जायला लागलात. "जयंतराव, मला काही झालं तरी चालेल, पण ट्रकखाली नको," असं म्हणायचात. मग एक दिवस तुम्ही मला स्पेनचे नकाशे पाठवलेत. तिथेही बंद पडलेल्या रेल्वेलाइनींवर सायकलचे रस्ते केलेत, पण खेड्यापाड्यांतून, डोंगरांतून, ऑलिव्हच्या मळ्यांतून. त्यांना हिरव्या वाटा म्हणतात. तुम्ही फोनवर लहान मुलासारखे सांगत होतात, "एकही गाडी नाही हो! पूर्ण वाटेवर एकही नाही!"

आपण पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा ही वाट ठरवली. छत्तीस किलोमीटर, तीस बोगदे. बायका दोन दिवस सेव्हिलमध्ये राजवाडे बघणार, आपण पहिल्या दिवशी वर ओल्वेराला जाऊन मुक्काम करणार, दुसऱ्या दिवशी परत. आणि तिथे आपलं वाजलं. तुमचं म्हणणं, टॅक्सीने सायकली वर न्यायच्या आणि उतरत यायचं, चढायचंच नाही. माझं म्हणणं, चढायचं. उतार आणि चढ हा माझा जन्माचा धंदा, रस्त्यावरचं पाणी कुठे वाहील ते काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, मग मला कोण शिकवणार! मी म्हटलं, आगगाडीला चढता येत नाही, म्हणून रेल्वेचा चढ नावालाच असतो. कुठे एक टक्का, कुठे दोन. तो चढ नव्हेच. तुम्ही म्हणालात, "नव्हेच तर मग उतरतच जाऊ की." मी म्हटलं, "चढल्याशिवाय उतरण्यात काय मजा?" तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "बरं बाबा, तुमच्या मनासारखं." वाद संपला नव्हता. तुम्ही फक्त बोलायचे थांबलात.

ती वाट फार सुंदर होती हो. मला आत्ता त्याबद्दल काही वाटत नाही, पण सुंदर होती हे आठवतं. ऑक्टोबरचं ऊन, खाली नदी, ऑलिव्हच्या रांगा, डोक्यावर गिधाडं. लांब बोगद्यांत दिवे. वाटेत भेटलेल्या एका बाईने सांगितलं की ही लाइन कधी पुरीच झाली नाही, बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनं बांधली, पण गाडी एकदाही धावली नाही. तुम्ही रस्त्यात थांबून पोट धरून हसलात. "म्हणजे सरकारी काम सगळीकडे सारखंच!" पुढच्या दोन बोगद्यांतून तुम्ही तोंडाने शिट्टी वाजवून गाडी काढत होतात. मागून येणारं एक जर्मन जोडपं दचकलं.

आणि तुम्ही फोटो काढत होतात. पुलावर फोटो, बोगद्याच्या तोंडाशी फोटो, पुन्हा त्याच डोंगराचा फोटो. मी पुढे जाऊन थांबायचो आणि ओरडायचो, "अहो, डोंगर कुठे पळून जातोय का?"

तिसऱ्या पुलावर तुम्ही सायकल कठड्याला टेकवून खाली बसलात. म्हणालात, "जयंतराव, मला दम लागतोय. हे नॉर्मल आहे का?" मी काय केलं? मी तुम्हाला ग्रेडियंट समजावला. समोरचा रस्ता दाखवला. म्हटलं, दिसतोय का चढ? नाही ना? डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. दोन टक्क्यांची हीच तर लबाडी असते, माणसाला वाटतं आपण म्हातारे झालो. तुम्ही बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत होतात. मग म्हणालात, "घरी गेल्यावर जरा दाखवून येतो." मी म्हटलं, "चढ दाखवायला डॉक्टर कशाला? मी आहे की." आपण दोघं हसलो. उठताना तुम्ही म्हणालात, "हे घरी जायचं नाही." मी म्हटलं, "हे काय सांगणं झालं?"

तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होतात. ते मी स्वतःलाही तीन आठवडे सांगितलं नव्हतं. तुम्ही छातीवर पंजा ठेवून म्हणाला होतात, "इथे कुणीतरी हात ठेवून उभं आहे असं वाटतं." मी ते ऐकलं होतं. व्यवस्थित ऐकलं होतं. ऐकून मी चढाबद्दल बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आपण उतरत आलो. तुम्ही माझ्यापुढे होतात, हात सोडून, शर्ट फुगलेला. दम नाही, काही नाही. खाली पोचल्यावर मी विचारलं, "काय? सांगत नव्हतो?" तुम्ही म्हणालात, "तुमचं बरोबर." घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला, की अपॉइंटमेंट घेतली होती ती कॅन्सल केली, सपाट रस्त्यावर काहीच होत नाहीये. मला त्या फोनचा आनंद झाला होता. तुम्ही बरे आहात याचा असावा असं मी आत्तापर्यंत धरून चाललो होतो. पण खरा आनंद माझं बरोबर निघाल्याचा होता.

मार्चमधल्या त्या मंगळवारी सकाळी तुम्ही मोजे घालायला पलंगावर बसलात ते तिथेच आडवे झालात. नंतर डॉक्टर म्हणाले, हृदयाचं हे दुखणं बरेच महिने चालू असणार. सगळ्यांनी मान हलवली. मीसुद्धा हलवली.

श्रीकांतराव, मला तुमचा राग येतो. एवढं एकच मला नीट जाणवतंय म्हणून लिहितो. तुम्ही माझं कधी ऐकलंत? कोपऱ्यावरचं घर घेऊ नका म्हटलं, घेतलंत. रिटायर होऊ नका म्हटलं, झालात. तुमच्या मैत्रेयीला इंजिनीअरिंगला घाला म्हटलं, तर तुम्ही तिला म्हणालात, "काकांकडे दुर्लक्ष कर." पस्तीस वर्षांत माझं एकही वाक्य तुम्ही खरं मानलं नाहीत. मग हेच का मानलंत? पुलावर माझी टर उडवायची होतीत. "तुम्ही गटारांचे इंजिनीअर, तुम्हाला माणसातलं काय कळतं," असं म्हणायचं होतंत. तुम्ही नेहमी असंच म्हणायचात. त्या दिवशी काय झालं होतं तुम्हाला? मला वाटतं, तुम्हाला माझं खरं असावं असं वाटत होतं. तेवढ्यासाठी ऐकलंत.

दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रेयीने मला डेकवर बोलावलं. हातात तुमचा फोन. जर्सी सिटीहून ती तुम्ही जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी वीकेंडला म्हणून आली होती, ती इथेच राहिली आहे. म्हणाली, "काका, हे बघा. वर जाताना दर दहा मिनिटांना एक फोटो. सेम डोंगर, सेम अँगल. अँड कमिंग डाउन, नथिंग. आय मीन, एक आहे, तो पण बाय मिस्टेक, हँडलचा. बाबा थांबत का होते? त्यांना दम लागत होता का? बी ऑनेस्ट."

मी फोनकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "मी आले ना त्या फ्रायडेला, तेव्हा माझी बॅग त्यांनी वर नेली. मी म्हटलं मी घेते, ते म्हणाले राहू दे. आणि मी नेऊ दिली, काका. इट वॉज सो हेवी. लॅपटॉप, शूज, सगळं होतं. वर जाऊन ते बेडवर बसले होते. मी विचारलं, आर यू ओके, तर म्हणाले, चढ आहे गं जिन्याला."

तुमचं ते वाक्य ऐकूनही मला काही झालं नाही, श्रीकांतराव. मी थंडपणे म्हटलं, "अगं, उतारावर कोण थांबतं? ब्रेक सोडले की सुटतो माणूस. म्हणून फोटो नाहीत." तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं. "ओके," म्हणाली आणि फोन खिशात टाकून आत गेली. मी डेकवर उभा राहून शेजारच्यांचा लॉनमोवर बघत होतो. आपला नियम पाळला, एवढाच विचार डोक्यात होता. तुमच्यासाठी पाळला असंही मी स्वतःला सांगून बघितलं.

इथवर लिहून हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. काल सुधा नीलाताईंकडे जाऊन आली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मैत्रेयीने तिची ती बॅग टाकून दिली रे. चांगली होती, नवीकोरी. ट्रॅशवाल्यांच्या गाडीला स्वतः नेऊन दिली म्हणे. मी म्हटलं, अगं परत जाताना सामान कशात नेणार? तर म्हणते, ग्रोसरीच्या पिशव्यांत." सुधाला त्यात काही विशेष वाटलं नाही, पुढे ती मेथी चांगली मिळाली नाही हे सांगू लागली. मी तिला म्हटलं, "सुधा, बस जरा." आधी तिला पुलावरचं सगळं सांगितलं. ती ओला हात पदराला पुसायला गेली, पदर नव्हता, स्वेटरला पुसला. मग म्हणाली, "जा. आत्ताच जा. मी फोन करत नाही ताईला." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने तो फोन केला नाही.

नीलाताई आणि मैत्रेयी दोघी डायनिंग टेबलाशी होत्या, तुमच्या नावाने आलेली पत्रं वेगळी करत. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, "मैत्रेयी, मी तुला खोटं सांगितलं. बाबांना दम लागत होता. त्यांनी मला सांगितलं होतं. छातीवर दाब येतोय हेही सांगितलं होतं. मी म्हटलं चढ आहे. ते डॉक्टरकडे जाणार होते, मी त्यांची चेष्टा केली, म्हणून त्यांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. हे ऑक्टोबरमध्ये झालं, बेटा. तुझी बॅग मार्चमध्ये आली."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "सो इट वॉजंट द बॅग." मी म्हटलं, "नाही." ती पुन्हा म्हणाली, "काका, आर यू शुअर?" मी म्हटलं, "शंभर टक्के." मग ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. तीन आठवडे ती रडली नव्हती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझ्यासारखीच फॉर्म भरत हिंडत होती. थोड्या वेळाने तिने डोकं वर केलं आणि म्हणाली, "आय ॲम सो अँग्री विथ यू, काका." मी म्हटलं, "असणारच."

नीलाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. हातातलं पाकीट त्यांनी चार घड्या करून बारीक केलं होतं. म्हणाल्या, "घाबरले होते का हो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"दम लागला तेव्हा. घाबरले होते का?"

"हो," मी म्हटलं. "थोडे घाबरले होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

श्रीकांतराव, मला सांगावं लागलं. मी, सदुसष्ट वर्षांचा माणूस, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "आमचं ठरलं होतं. घरी सांगायचं नाही म्हणून." समोसे, तिकीट, बेसमेंट या सगळ्यांसाठी आपण ते वाक्य किती ऐटीत वापरलं होतं. त्या टेबलाशी ते फार हलकं वाटलं, आणि आपण दोघंही.

मला वाटलं आता नीलाताई जा म्हणतील, आणि मी जायला तयार होतो. पण त्यांनी शेजारची खुर्ची मागे ओढली. तुमची नव्हे, तिच्या बाजूची.

"बसा," म्हणाल्या. "चाळीस वर्षांत माझ्याशिवाय यांनी काढलेले ते दोनच दिवस. मी सेव्हिलमध्ये टाइल्स बघत बसले होते. मला ते दोन दिवस पाहिजेत. पहिल्यापासून सांगा. सकाळी काय खाल्लं होतं?"

मी बसलो. म्हटलं, "ब्रेड. भाजलेला. त्यावर टोमॅटो किसून घालतात आणि तेल. श्रीकांतरावांनी तीनदा मागून घेतला. चौथ्यांदा वाढणाऱ्या बाईने मागायच्या आधीच आणला, तर लाजले, म्हणाले, नीलाला पण हा टोमॅटो..."

आणि माझा आवाज गेला. गेला तो येईना. मी तोंड उघडून बसलो होतो आणि डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं, मैत्रेयीने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला तरी थांबेना.

नीलाताई म्हणाल्या, "सावकाश सांगा. मला कुठे जायचं नाहीये."